४ टक्के मोठे की २५ टक्के? प्रवासाच्या अ‍ॅफिलिएट कमिशनचं गणित

प्रवासाविषयी लिहिणारा माणूस अ‍ॅफिलिएट प्रोग्रॅम (आपल्या दुव्यावरून वाचकाने बुकिंग केलं की लेखकाला कमिशन देणारी साइटची योजना) निवडायला बसतो तेव्हा आधी दरांची यादी काढतो आणि ती मोठ्याकडून छोट्याकडे लावतो. भाड्याच्या गाड्यांचे ७० टक्के सगळ्यात वर, विमान तिकिटांचे ४० त्याखाली, मग हॉटेलचे २५, टूरचे ८ आणि तळाशी पुन्हा हॉटेलचेच ४. ही यादी निरुपयोगी आहे. तिच्यातले काही टक्के ग्राहकाने भरलेल्या रकमेचे आहेत आणि काही त्या साइटच्या हाती उरलेल्या कमाईचे. दोन्हींपुढे टक्क्याचं चिन्ह आहे, एवढंच त्यांच्यातलं साम्य.

पहिल्या प्रकाराला इथे बुकिंगवरचं कमिशन म्हणू. ग्राहकाने २०० डॉलरची खोली घेतली, दर ४ टक्के, तुम्हाला ८ डॉलर. दुसरा प्रकार कमाईतल्या वाट्याचा. त्याच खोलीसाठी हॉटेल साइटला समजा ३० डॉलर देतं आणि त्या ३० मधला ठरावीक हिस्सा तुमच्याकडे येतो. प्रोग्रॅमच्या अटींमध्ये याला रेव्हेन्यू शेअर म्हटलेलं असतं. वाट्यातला वाटा असल्यामुळे त्याचा टक्का मोठा ठेवावाच लागतो, आणि मोठा असल्यामुळे जाहिरातीत तो ठळक अक्षरांत छापता येतो.

बुकिंग डॉट कॉमच्या प्रोग्रॅमने हे दोन्ही प्रकार पाहिले आहेत, त्यामुळे तुलनेला तो सोयीचा. बरीच वर्षं तिथे कमाईतला वाटा मिळायचा, आणि तोही टप्प्यांनी: महिन्याला ५० पर्यंत मुक्काम असतील तर साइटच्या कमिशनच्या २५ टक्के, १५० पर्यंत ३०, ५०० पर्यंत ३५ आणि त्यापुढे ४०. पुढे अ‍ॅफिलिएट नेटवर्कांमार्फत, म्हणजे साइट आणि लेखक यांना जोडणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांमार्फत, प्रोग्रॅम चालू लागला तेव्हा बुकिंगच्या रकमेवर सरसकट दर आला, ४ टक्क्यांच्या घरातला. २५ वरून थेट ४ म्हणजे वरवर पाहता कत्तलच.

आता आकडे मांडू. हॉटेलं या साइटला सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास कमिशन देतात. देश आणि शहर बदललं की ते वरखाली होतं. २०० डॉलरच्या मुक्कामावर साइटला ३० डॉलर. त्याच्या २५ टक्के म्हणजे साडेसात डॉलर. नव्या दराने मिळतात ८. म्हणजे ज्याचे महिन्याला पाच-दहा मुक्काम होतात अशा छोट्या लेखकाचं उत्पन्न उलट किंचित वाढलं. ४० टक्क्यांच्या टप्प्यावर बसलेल्या मोठ्या साइटला मात्र १२ डॉलर मिळायचे, त्याचे ८ झाले. एक तृतीयांश उत्पन्न गेलं. बदल एकच, पण एकाला बढती आणि दुसऱ्याला कपात. नुसते दर शेजारी लिहिले तर यातलं काहीच कळत नाही.

हिशोबाची रीत सोपी आहे. वाट्याचा टक्का घ्या आणि त्याला साइटच्या मार्जिनने, म्हणजे बुकिंगच्या रकमेतला जो टक्का साइटकडे उरतो त्याने, गुणा. १५ टक्के मार्जिनवर २५ टक्के वाटा म्हणजे बुकिंगच्या पावणेचार टक्के, ४० टक्के वाटा म्हणजे ६ टक्के. मार्जिन १२ वर आलं तर तोच २५ टक्के वाटा ३ टक्क्यांवर उतरतो, १८ वर गेलं तर साडेचारवर चढतो. करारातला २५ हा आकडा मात्र तिन्ही वेळा जागच्या जागी असतो.

मार्जिन कुणाला दिसतं?

गुणाकार सोपा आहे, पण गुणायला लागणारा दुसरा आकडा बहुतेक वेळा आपल्या हाती नसतो. याचं कारण हॉटेल विकण्याच्या पद्धतीत आहे. एका पद्धतीत पाहुणा पैसे थेट हॉटेलला देतो आणि हॉटेल नंतर साइटला कमिशन पोचवतं. बुकिंग डॉट कॉम याच एजन्सी पद्धतीवर वाढली. इथे कमिशनचा दर हॉटेलच्या करारात लिहिलेला असतो, त्यामुळे त्याचा निदान अंदाज बांधता येतो.

दुसरी मर्चंट पद्धत, जिच्यावर एक्सपीडियाने आपला व्यवसाय उभा केला. साइट हॉटेलकडून खोली एका आतल्या दराने घेते, स्वतःच्या दराने विकते आणि ग्राहकाचं कार्डही स्वतःच चालवते. मधला फरक हीच तिची कमाई. तो फरक प्रत्येक खोलीला आणि प्रत्येक तारखेला वेगळा असू शकतो, आणि बाहेरच्या कुणाला तो दिसत नाही. अशा साइटने ‘आमच्या कमाईतला अमुक टक्के’ असं वचन दिलं तर ते तपासायचं कसं? साइट जो आकडा दाखवील तो मान्य करायचा, एवढंच आपल्या हातात उरतं. फसवणूक होतेच असं नाही, पण पडताळणीची सोय नाही. बुकिंगवरच्या कमिशनला हा प्रश्न नाही, कारण ग्राहकाने किती भरले हे निदान तिघांना माहीत असतं.

त्यातही एक बारकावा आहे. ग्राहकाच्या कार्डावरून गेलेली रक्कम आणि कमिशन मोजायची रक्कम एकच नसते. कर, स्थानिक शुल्क, कधी स्वच्छतेचा आकार हे सगळं वजा करून मग टक्का लागतो. २२४ डॉलरचं बिल दाखवणारा वाचक ‘तुला नऊ डॉलर मिळाले असतील’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात २०० वरचे ८ मिळालेले असतात.

सवलत आली की दोघांची वाट वेगळी

दोन्ही प्रकारांतला खरा फरक मला सवलतीच्या दिवसांत दिसतो, आणि दरांच्या तुलनेत नेमका तोच कुणी मांडत नाही.

हॉटेलने स्वतः १० टक्के सूट दिली, तर किंमत आणि साइटचं कमिशन दोन्ही त्याच प्रमाणात घटतात. २०० ची खोली १८०, साइटचे ३० चे २७. बुकिंगवरचं कमिशन असो वा वाटा, तुमचं नुकसान १० टक्केच.

पण सूट साइटने स्वतःच्या खिशातून दिली तर? समजा प्रतिस्पर्ध्यापेक्षा स्वस्त दिसण्यासाठी तिने १० डॉलर सोडले. ग्राहक १९० भरतो, हॉटेलचा हिस्सा पूर्वीइतकाच १७०, साइटकडे उरतात २०. बुकिंगवर ४ टक्के असतील तर तुम्हाला ८ ऐवजी ७.६० मिळाले; ५ टक्के घट. वाटा २५ टक्के असेल आणि अटींमध्ये तो ‘सवलत वजा जाता उरलेल्या’ कमाईवर असेल, तर साडेसातचे थेट ५ झाले. ३३ टक्के घट. ग्राहकाला मिळालेली सूट जेमतेम ५ टक्क्यांची, लिंक देणाऱ्याचं उत्पन्न मात्र एक तृतीयांशाने घटलं. सणासुदीच्या सेलमध्ये बुकिंगं वाढूनही कमाई हलत नाही, याचं एक कारण इथे सापडतं.

उलट बाजूही सांगायला हवी. शोधयादीत वर दिसण्यासाठी काही हॉटेलं साइटला नेहमीपेक्षा जास्त कमिशन देतात. वाटा घेणाऱ्याला त्या जादा रकमेतला हिस्सा मिळतो. ठरावीक ४ टक्केवाल्याला त्यातलं काही मिळत नाही.

७०, ४० आणि ८

आता त्या यादीकडे पुन्हा पाहू, कारण हॉटेल सोडलं की टक्क्यांची नजरबंदी आणखी वाढते.

विमान तिकिटांवर मार्जिन मुळातच बारीक असतं. विमान कंपन्यांनी एजंटांचं कमिशन छाटायला सुरुवात केली त्याला आता तीन दशकं झाली. डेल्टाने १९९५ मध्ये अमेरिकेतल्या देशांतर्गत परतीच्या तिकिटावरच्या कमिशनला ५० डॉलरची कमाल मर्यादा घातली आणि २००२ मध्ये मूळ कमिशनच काढून टाकलं. इतर मोठ्या कंपन्या दोन्ही वेळा मागोमाग गेल्या. त्यामुळे तिकिटं विकणाऱ्या किंवा दाखवणाऱ्या साइटने ४० टक्के वाटा देऊ केला तरी ते ४० टक्के एका चिमुकल्या रकमेचे असतात. समजा ४०० डॉलरच्या तिकिटावर साइटला ३ टक्के, म्हणजे १२ डॉलर सुटले. तुमचा ४० टक्के वाटा ४.८० डॉलर. तिकिटाच्या किमतीशी ताडून पाहिलं तर १.२ टक्के.

टूर आणि तिकिटाच्या सफरींचं चित्र नेमकं उलटं. व्हायेटर आणि गेट युअर गाइड अ‍ॅफिलिएटला बुकिंगच्या ८ टक्के देतात. यादीत हा दर तळाजवळ होता. पण सफर चालवणारे स्थानिक आयोजक या साइटना विक्रीच्या २० ते ३० टक्के देत असतात, म्हणजे ८ टक्के हा साइटच्या कमाईचा साधारण तिसरा हिस्सा झाला. हाच प्रोग्रॅम ‘कमाईतला ३० टक्के वाटा’ म्हणूनही विकता आला असता. ६० डॉलरच्या पायी सफरीवर ८ टक्क्यांनी ४.८० डॉलर होतात, वरच्या ४०० डॉलरच्या तिकिटावर मिळाले तेवढेच. आणि वाचकाला ४०० डॉलर खर्चायला लावण्यापेक्षा ६० डॉलर खर्चायला लावणं किती सोपं, हे लिहिणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

राहिले गाड्यांचे ७० टक्के. डिस्कव्हर कार्सच्या प्रोग्रॅममध्ये भाड्यावरच्या नफ्याचे ७० टक्के आणि पूर्ण विमा संरक्षणातून येणाऱ्या उत्पन्नाचे ३० टक्के अशी मांडणी आहे. इथे एकाच बुकिंगमध्ये दोन वेगळे पाये आहेत, आणि पहिल्या पायाचं नाव उत्पन्न नसून नफा आहे. उत्पन्न म्हणजे आलेले पैसे. नफा म्हणजे काहीतरी वजा करून उरलेले, आणि काय वजा करायचं ते देणारा ठरवतो. समजा ३०० डॉलरच्या भाड्यावर १० टक्के नफा धरला, तर ३० चे ७० टक्के म्हणजे २१ डॉलर. ग्राहकाने ६० डॉलरचं पूर्ण संरक्षण घेतलं तर त्याचे १८. नफा ५ टक्क्यांवर घसरला तर भाड्याचे साडेदहाच उरतात आणि संरक्षणाचे १८ भाड्यालाच मागे टाकतात. अशा प्रोग्रॅमवर लिहिताना गाडीच्या मॉडेलपेक्षा विम्याच्या परिच्छेदावर मेहनत घ्यावी, असं माझं मत. अर्थात वाचकाला तो विमा खरंच लागत असेल तरच.

तुलना करून दाखवणाऱ्या मेटासर्च साइट ही आणखी वेगळी जात. ट्रिपअ‍ॅडव्हायझरच्या हॉटेल दुव्यांवर वाचक पुढच्या बुकिंग साइटवर गेला की त्या क्लिकचे पैसे ट्रिपअ‍ॅडव्हायझरला मिळतात आणि त्यातला वाटा अ‍ॅफिलिएटला. खोली घेतली की नाही हा प्रश्नच येत नाही. इथलं क्लिकच्या पैशांतलं ५० टक्के आणि हॉटेलच्या बुकिंगवरचं ४ टक्के हे एका ओळीत लिहूच नये.

मग घ्यावं काय?

वाचक थोडे असतील तर मी बुकिंगवरच्या ठरावीक दराकडे झुकेन. मार्जिन माहीत नसताना मार्जिनचा वाटा घेणं म्हणजे साइटच्या धंद्यातली जोखीम फुकट अंगावर घेणं. महिन्याला शेकडो मुक्काम होत असतील तर वाट्याचा विचार करण्यात अर्थ आहे, कारण तेव्हा वरच्या टप्प्यांवर घासाघीस करता येते आणि जास्त मार्जिनची हॉटेलं निवडून पुढे करण्याचा फायदाही पदरात पडतो. कोणतं हॉटेल पुढे करायचं याचा मोह मात्र इथेच सुरू होतो. ज्याला वाटा मिळतो त्याला महाग कमिशन देणारं हॉटेल आपोआप ‘आवडू’ लागतं. ठरावीक दरवाल्याला निदान हॉटेलच्या करारात डोकावण्याची गरज नसते. त्याचा मोह फक्त महागड्या खोलीपुरता.

अटी वाचताना दराच्या पुढचे दोन-तीन शब्द बघावेत. ‘बुकिंग व्हॅल्यू’, ‘कमिशन’, ‘रेव्हेन्यू’, ‘नेट रेव्हेन्यू’, ‘प्रॉफिट’ साधारण या क्रमाने पाया आक्रसत जातो. कुकीची मुदतही, म्हणजे वाचकाने दुवा उघडल्यापासून किती दिवसांतलं बुकिंग तुमच्या नावावर धरलं जातं तेही, तिथेच सापडते, आणि तिचं वजन दराइतकंच आहे. व्हायेटरची ३० दिवसांची आहे, गेट युअर गाइडची ३१. काही हॉटेल प्रोग्रॅममध्ये ती वाचकाने ब्राउझर बंद करेपर्यंतच टिकते. हॉटेल ठरवायला माणूस चार दिवस घेतो. तेवढ्यात असल्या दुव्याचं काम संपलेलं असतं.

सगळ्यात भरवशाचा आकडा मात्र तुमच्याच डॅशबोर्डवर असतो. प्रत्यक्ष मिळालेलं कमिशन भागिले त्या बुकिंगांची एकूण रक्कम, म्हणजे खरा दर. दहा-बारा बुकिंगांवर तो नाचतो, शंभरेक झाली की स्थिरावतो. दोन प्रोग्रॅम याच दराने शेजारी ठेवता येतात. त्यापुढे जाऊन शंभर क्लिकमागे किती पैसे आले तेही पाहावं, कारण दर चांगला आणि वाचक मात्र पैसे भरायच्या पानावरून परत, असंही होतं. एखादा प्रोग्रॅम बुकिंगची रक्कम दाखवतच नसेल, फक्त तुमचं कमिशन दाखवत असेल, तर तो बहुधा वाट्यावर चालतो.

हा भागाकार करताना महिना नीट जुळवावा. हॉटेलचं कमिशन बहुतेक प्रोग्रॅममध्ये मुक्काम पूर्ण झाल्यावरच पक्कं होतं. जानेवारीत ऑक्टोबरची खोली घेतली तर पैसे वर्षाच्या अखेरीस येतात, आणि मधल्या काळात फुकट रद्द करण्याची सोय असेल तर कदाचित येतही नाहीत. जानेवारीच्या जमेला जानेवारीच्या बुकिंगांनी भागलं तर ४ टक्क्यांचा प्रोग्रॅम १ टक्क्याचा भासतो, आणि सुट्टीचा हंगाम सरल्यावर तोच अचानक ९ टक्क्यांचा. रक्कम आणि कमिशन दोन्ही मुक्काम संपल्याच्या तारखेने लावावेत, रद्द झालेली बुकिंगं दोन्हीकडून काढावीत, आणि मग भागावं.