संकटग्रस्त प्राणी

नजीकच्या काळात निसर्गातून नामशेष होण्याचा मोठा धोका असलेल्या प्राणिजातींना संकटग्रस्त म्हणतात. बोलताना ‘दुर्मीळ’ आणि ‘संकटग्रस्त’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांचा अर्थ एक नाही. एखाद्या बेटापुरता असलेला पक्षी मुळातच थोडा असून हजारो वर्षे टिकतो, तर लाखोंनी दिसणारी जात पंधरा-वीस वर्षांत होत्याची नव्हती होते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची ‘लाल यादी’ (१९६४ पासून) नुसती डोकी मोजत नाही, तर घटीचा वेगही पाहते. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ८० टक्के घटली तर ती जात अतिसंकटग्रस्त ठरते, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त. प्रजननक्षम प्राणी पन्नासहून कमी उरले, तरीही ती अतिसंकटग्रस्तच.

पांढऱ्या पाठीचे गिधाड हे याचे ठळक उदाहरण. भारतात १९९२ ते २००७ या काळात त्याची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. त्याची ना शिकार होत होती, ना अन्न कमी पडले होते. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरते. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि शवविच्छेदनात यकृतावर, हृदयावर यूरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसतो. एका मढ्यावर कितीतरी गिधाडे उतरतात आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे मोजकी दूषित मढीही पुरेशी झाली. कारण २००४ मध्ये उलगडले आणि २००६ मध्ये भारत, नेपाळ व पाकिस्तानने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये भारतात कुपीचा आकारच ३ मिलिलिटरवर आणावा लागला.

अधिवासाचा नाश हे सर्वांत व्यापक कारण. शिकार, परकी प्राणी, रोग आणि हवामानबदल यांची भर त्यावर पडते. कित्येकदा बळी जाणारा प्राणी कुणाला नकोच असतो. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातील वाकिटा ही छोटी शिंशुक जात टोटोआबा माशासाठी लावलेल्या जाळ्यांत गुदमरून मरते. आता ती दहाच्या आसपास उरली आहे.

संख्या फार घसरल्यावर मूळ कारण दूर करूनही भागत नाही. उत्तरी पांढऱ्या गेंड्याचा शेवटचा नर मार्च २०१८ मध्ये केनियात मेला. उरल्या त्या दोन माद्या, मायलेकी.

परतीचीही उदाहरणे आहेत. अरबी ओरिक्स हे हरिण १९७२ मध्ये निसर्गातून संपले. बंदिस्त जागी वाढवलेली हरणे १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडली गेली आणि १९९६ पर्यंत ती ४५० झाली. पुढे चोरट्या शिकारीने ती ६५ वर आली. अभयारण्याचे क्षेत्रही ओमानने ९० टक्क्यांनी कमी केले आणि २००७ मध्ये ते जागतिक वारसा यादीतून वगळले गेले. इतर देशांतील कळपांच्या जोरावर ही जात २०११ मध्ये ‘असुरक्षित’ या सौम्य वर्गात आली.