डग्लसचं सांतो डोमिंगो वेगळं आणि हैती वेगळं

फ्रेडरिक डग्लस, म्हणजे गुलामीतून सुटून गुलामीविरुद्ध लढलेला अमेरिकेतला काळा नेता, अमेरिकेच्या विस्ताराच्या बाजूचा की विरोधातला, यावर वाद घालणारे बरेचदा दोन प्रकरणं एकत्र करतात. बेट एकच ना, पश्चिमेला हैती, पूर्वेला सांतो डोमिंगो म्हणजे आजचं डोमिनिकन रिपब्लिक, मग घोळ होणारच.

१८७१ ला प्रेसिडेंट ग्रँटला सांतो डोमिंगो अख्खाच अमेरिकेला जोडायचा होता. आदल्या वर्षी सिनेटमध्ये करार २८-२८ वर अडकून पडला होता, म्हणून त्याने तिथली परिस्थिती पाहायला एक कमिशन पाठवलं आणि डग्लस त्या कमिशनचा असिस्टंट सेक्रेटरी होता. तो चक्क जोडण्याच्या बाजूने बोलला, जुना मित्र सिनेटर सम्नर कडाडून विरोधात असताना! त्याचं लॉजिक असं की आधी अमेरिका वाढली की गुलामी वाढायची, आता कायद्याने समानता आलीये, तर तिथल्या लोकांची इच्छा असेल तर येऊ देत की. आता ती इच्छा लोकांची होती की त्यांच्या प्रेसिडेंट बाएझची, हे त्याने नीट तपासलं नाही असं मला वाटतं. आणि समानतेचं म्हणाल तर परतताना टपालबोटीवर याच माणसाला जेवायच्या टेबलावर बसू दिलं नाही, नंतर ग्रँटने कमिशनरांना व्हाइट हाउसवर जेवायला बोलावलं त्यातही हा नाही.

१८९१ चा मामला देश जोडायचा नव्हताच, अमेरिकन नेव्हीला हैतीतलं मोल सेंट निकोलस हे बंदर हवं होतं, आणि डग्लस १८८९ पासून तिथे अमेरिकेचा मिनिस्टर, म्हणजे राजदूतासारखा प्रतिनिधी होता. पण वाटाघाटी करायला वरून ॲडमिरल गेरार्डीला धाडलं, शिवाय हैतीच्या राजधानीच्या बंदरात लढाऊ जहाजं आणून उभी केली. हैतीचा परराष्ट्रमंत्री फिर्मँ याने सरळ नकार कळवला, की राज्यघटनेत बसत नाही आणि समोर आरमार उभं असताना हो म्हटलं तर दबावाखाली झुकलो असंच दिसेल. इथेही डग्लस बंदर मिळण्याच्या विरोधात नव्हता बरं का, त्याचा आक्षेप धाकदपटशाला होता. जे मागायचं ते हैतीला बरोबरीचा देश मानून मागा, एवढंच.

अमेरिकन पेपरवाल्यांनी मात्र खापर त्याच्यावरच फोडलं, काळा आहे म्हणून हैतीला सामील वगैरे. त्याने राजीनामा दिला, आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात हैतीने आपला प्रतिनिधी म्हणून त्यालाच नेमलं.