न दिसलेल्यांची मोजणी

येऊरच्या जंगलातून खाली उतरणाऱ्याला ठाणेकर हमखास विचारतो, ‘काय दिसलं?’ बिबट्या दिसला असेल तर फेरी सार्थकी, नाहीतर पहाटेची झोप फुकट गेली. वन्यजीवांच्या परिसंस्थेचा फील्ड कोर्स सुरू झाला की हा प्रश्न लवकरच अपुरा पडायला लागतो. किती दिसले हे कोणीही सांगेल. तिथे होते पण दिसले नाहीत, ते किती? बहुतेक सगळा कोर्स या एका प्रश्नाभोवती फिरतो.

उष्ण कटिबंधातला फील्ड कोर्स म्हटलं की कोस्टा रिकाचं नाव निघतं. तिथे १९६० च्या दशकापासून असे वर्ग भरत आले आहेत. पण ठाणंही १९ अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या चांगलंच दक्षिणेला आहे. शिवाय इथे दोन अगदी वेगळी जंगलं शेजारी-शेजारी आहेत. येऊरचं जंगल पानझडी. पावसाळा संपल्यावर जमीन सुकत जाते आणि मार्चपर्यंत साग, पळस, सावर उघडे पडतात. खाडीतली तिवरं मात्र बारमाही हिरवी, कारण भरतीचं पाणी दिवसातून दोनदा येतं. ते खारट असतं, पण जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकायची सोय तिवराकडे आहे. ऊन तेच, पाऊस तोच, मधे फक्त शहराचा ट्रॅफिक.

मोजणीचा पहिला धडा खाडीकाठच्या चिखलात, गोगलगायींवर गिरवता येतो. (संरक्षित क्षेत्रात असं काही करायचं तर वनखात्याची परवानगी आधी, उत्साह नंतर.) ठरावीक चौकटीतल्या समजा ६० गोगलगायी उचलल्या, शंखावर नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि सोडून दिल्या. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा ५० गोळा केल्या, त्यात १२ ठिपकेवाल्या निघाल्या. म्हणजे हाती आलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा खुणेचा. तसं असेल तर खूण केलेल्या ६० हाही एकूण संख्येचा तेवढाच हिस्सा असणार. साठ गुणिले पन्नास, भागिले बारा, उत्तर २५०. एकावेळी साठाच्या वर गोगलगायी कोणी पाहिलेल्या नसतात, तरी आकडा अडीचशेचा येतो. डॅनिश जीवशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ मध्ये चपट्या माशांना खुणा करताना जो विचार मांडला, तोच हा.

खरी मजा यानंतर सुरू होते, कारण हे उत्तर काही अटींवर उभं आहे. ठिपका पुसला जाता कामा नये. मधल्या काळात कोणी मरू नये, बाहेरून येऊ नये. आणि खूण केल्यामुळे प्राण्याच्या नशिबात फरक पडू नये. विद्यार्थी हौसेने भडक लाल नेलपॉलिश आणतात. तो ठिपका पक्ष्यांच्या नजरेत भरला आणि खूणवाल्या गोगलगायी जास्त खाल्ल्या गेल्या, तर दुसऱ्या दिवशी बाराऐवजी सहाच मिळतील आणि उत्तर थेट ५०० वर जाईल. चिखलात गोगलगायी दुप्पट झाल्या, त्याही एका बाटलीच्या रंगामुळे! म्हणून ठिपका शंखाच्या खालच्या बाजूला, मळकट रंगाचा आणि जेमतेम दिसेल एवढाच द्यायचा.

बिबट्याला कोणी नेलपॉलिश लावायला जात नाही. त्याच्या अंगावरचे ठिपके जन्मजात आहेत आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी. म्हणून वाटेवर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावला की पहिला फोटो म्हणजे ‘खूण’ आणि पुढचा फोटो म्हणजे ‘पुन्हा सापडला’. वाघांच्या पट्ट्यांवर ही पद्धत वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वापरली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीने लावतात, कारण डाव्या कुशीची नक्षी उजव्या कुशीशी जुळत नाही. एकच कॅमेरा लावला तर एका बिबट्याचे दोन होण्याची सोय आपणच करून ठेवतो. शिवाय हे कॅमेरे हलणारी उष्णता टिपतात. एप्रिलच्या दुपारी आजूबाजूचे दगडच जनावराच्या अंगाइतके तापलेले असतात, तेव्हा जनावर समोरून गेलं तरी कॅमेऱ्याला पत्ता लागेलच असं नाही. थंड देशातल्या पुस्तकात या अडचणीला फारशी जागा नसते. येऊरमध्ये ती रोजची आहे.

पक्ष्यांचा प्रकार आणखी वेगळा. पावशा मृगाच्या आधी दिवसभर ‘पेरते व्हा’ ओरडतो, पण दाट पानांत दिसतो क्वचितच. पाऊस सरल्यावर तो गप्प होतो आणि नोंदवहीतून गायब. मार्चमध्ये पानं गळाल्यावर पक्षी भरपूर दिसतात आणि नवशिक्याला वाटतं, संख्या वाढली. वाढलेली असते ती आपली नजर. एकाच ऋतूत जंगलात जाऊन काढलेल्या यादीवर माझा म्हणूनच फारसा विश्वास नाही. कारवी तर सुमारे आठ वर्षांतून एकदाच फुलते. मधल्या सात वर्षांत आलेल्याला ती नुसतं झुडूप वाटणार.

खाडीवर उलटं घडतं. तिथे न दिसण्यापेक्षा दोनदा दिसण्याचा धोका मोठा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला. ओहोटीला फ्लेमिंगो उघड्या चिखलावर पसरून चरतात. मोजणारा थव्यातले शंभर मोजतो, तेवढा तुकडा नजरेत पक्का करतो आणि असे तुकडे किती ते बघत जातो. भरती चढली की चिखल बुडतो आणि पक्षी उठून नेरूळ-सीवूड्सच्या उथळ पाणथळांवर, डीपीएस तलावासारख्या ठिकाणी जाऊन बसतात. सकाळी ऐरोलीला मोजलेले पक्षी दुपारी नेरूळला पुन्हा मोजले की थवा कागदावर दुप्पट होतो. म्हणून सगळ्या ठिकाणी माणसं बसवून एकाच भरतीला, एकाच वेळी मोजायचं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे वेळापत्रक घड्याळाऐवजी पंचांगातल्या तिथीवरून लावणं सोयीचं. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) यांत चिखल किती उघडा पडतो ते कोळ्यांना तोंडपाठ असतं. अशा कोर्सला एखादा कोळी शिक्षक म्हणून हवाच. अभयारण्याची हद्द नकाशावर खाडीपाशी संपते, पक्ष्यांचा दिवस मात्र तिथे संपत नाही, हेही या मोजणीतून आपोआप कळतं.

राहता राहिलं शून्य. नोंदवहीत ‘काही दिसलं नाही’ हे लिहायचा विद्यार्थ्यांना भारी कंटाळा, पण ती नोंद सर्वांत कामाची. समजा एखादा प्राणी त्या जागी आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. मग पाच फेऱ्या मारूनही तो एकदाही न दिसण्याची शक्यता जवळपास १७ टक्के उरते. नवी मुंबईत एखादं मोठं बांधकाम उभं राहण्याआधी पर्यावरणाच्या अहवालात ‘सदर प्रजाती आढळली नाही’ असं वाक्य येतं, तेव्हा विचारायचं ते एवढंच: फेऱ्या किती आणि कोणत्या महिन्यांत? दहा फेऱ्या झाल्या असतील तर चुकण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या आत येते, पण त्यातल्या काही पावसाळ्यातही झालेल्या असायला हव्यात.