बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: गोळ्यांचा अतिडोस की फवारणीचं औषध?

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) बेशुद्ध माणूस आला, टॉर्च मारल्यावर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या, की सगळ्यांच्या तोंडी आधी फवारणीचं औषधच येतं. ऊस, तंबाखू, भाजीपाल्याचा मुलूख. कोपऱ्यात क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची बाटली असतेच. पण अशाच बाहुल्या अफूवर्गातल्या औषधांच्या अतिडोसातही दिसतात: कोडीनचं खोकल्याचं सिरप, कॅन्सरच्या पेशंटसाठी घरी ठेवलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या, ब्राऊन शुगर. दोन्हींवरचा उतारा मात्र पूर्ण वेगळा. म्हणून टॉर्च नंतर. आधी छाती बघा आणि अंगाला हात लावा.

अफूवर्गाचा पेशंट कोरडा आणि शांत असतो. ही औषधं मेंदूतलं श्वासाचं केंद्रच मंद करतात. श्वास मिनिटाला १२ च्या खाली, कधी चार-पाचच. ओठ आणि नखं निळसर, पोटात स्टेथोस्कोप लावला तर फारसा आवाज नाही. मधूनच घोरल्यासारखं ऐकू येतं, आणि घात तिथंच होतो. घरचे म्हणतात, ‘रात्री उशिरा आला, गाढ झोपलाय, उठवू नका.’ हलवूनही जागा न होणाऱ्या माणसाचं असलं घोरणं म्हणजे घसा अर्धा बंद झाल्याची खूण.

फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फेट औषधाचा पेशंट ओला असतो. नसांचा निरोप पोचवणारं रसायन मोडणारं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम अडतं, ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटाइलकोलीन साठत जातं आणि शरीरातलं जे वाहू शकतं ते सगळं वाहायला लागतं: लाळ, अश्रू, घाम, जुलाब, लघवी. तोंडाला फेस, छातीत घरघर. पापणीचे, पोटरीचे स्नायू कातडीखाली फडफडताना दिसतात. कपड्यांना लसणासारखा किंवा रॉकेलसारखा वास येतो. नाडीवर मात्र विसंबू नका. ती मंद असायला हवी असं पुस्तकात असलं, तरी कित्येकदा जलद लागते.

सुरुवात दोन्हीकडे सारखीच: घसा मोकळा करा, सक्शन (नळीनं लाळ, फेस ओढणं), ऑक्सिजन, श्वास कमी असेल तर अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी). उतारा शोधत बसण्यात श्वास थांबायला नको. ग्लुकोमीटरनं साखरही तिथंच बघून घ्या. फवारणीचं औषध असेल तर हातमोजे घालून कपडे उतरवा, अंग आणि केस साबणानं धुवा.

अफूवर्गावर नॅलॉक्सोन. ०.४ मिलिग्रॅमचं अँप्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी) सलाईननं १० मिलि करून दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक मिलि शिरेतून द्यायचं. श्वास पूर्ण थांबलाच असेल तर मोठ्या डोसनं सुरुवात. माणूस उठून बसावा हा हेतू नव्हे, श्वास नीट चालावा एवढाच. घाईनं जास्त दिलं तर सवयीचा पेशंट उलट्या करत, झटापट करत उठतो. एकूण १० मिलिग्रॅमपर्यंत जाऊनही फरक नाही, तर निदान पुन्हा तपासा. मेंदूच्या पॉन्स भागातल्या रक्तस्रावातही बाहुल्या अशाच बारीक होतात. उलट ट्रॅमाडॉल या अफूवर्गातल्याच दुखण्यावरच्या औषधात त्या बारीक असतीलच असं नाही, आणि झटकेही येतात.

फवारणीच्या औषधावर अ‍ॅट्रोपिन, आणि इथं हात आखडता घेऊन चालत नाही. ०.६ मिलिग्रॅमची तीन ते पाच अँप्यूल एकदम, मग दर पाच मिनिटांनी दुप्पट, छातीतली घरघर जाईपर्यंत. गाठायचं ते एवढं: नाडी ८० च्या वर, वरचा बीपी ८० च्या वर, काखा कोरड्या. फोडलेल्या अँप्यूलचा ढीग बघून नवा डॉक्टर बिचकतो, बिचकू नये. बाहुली मोठी व्हायची वाट बघत बसू नका, ती सगळ्यात शेवटी सुधारते. अडलेलं एन्झाइम मोकळं करणारं प्रॅलिडॉक्सिम सोबत देतात, त्याच्या फायद्याबद्दल मतभेद आहेत. पुढचे तीन-चार दिवस रोज उशीवरून मान उचलायला सांगा. उचलता आली नाही तर श्वासाचे स्नायूही थकू लागलेत असं समजा.

घरच्यांसाठी: ‘औषध घेतलंय’ एवढं सांगून भागत नाही. फवारणीचं की गोळ्या, ते सांगा. बाटली किंवा पाकीट सोबत आणा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन लावा. हा नंबर कर्नाटकात चालतो, तसा सीमेपलीकडं महाराष्ट्रातही.

निपाणीहून बेळगावला पाठवायचं तर सुमारे ७५ किलोमीटरची वाट आहे. नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो, पोटातल्या गोळ्यांचा मात्र त्याहून जास्त टिकतो. शुद्धीवर येऊन बोलत बसलेला माणूस हत्तरगीच्या पुढं परत गप्प होऊ शकतो. फवारणीवाल्याची छाती तेवढ्या वेळात पुन्हा भरू शकते. त्यामुळं अंबू बॅग चालवता येणारा माणूस आणि जादा अँप्यूल सोबत द्या, आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते चिठ्ठीवर लिहा.