तारा येण्याआधीचं कोकण: पावसातल्या रेल्वे-फोटोची पार्श्वभूमी

मिरगाचा पाऊस लागला की कोकण रेल्वेचे फोटो मोबाइलवर फिरायला लागतात. हिरवा डोंगर, जांभ्याचा लाल कातळ, वर मळभ आणि दिवा लावून बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी. हे चित्र डोळ्यांत इतकं बसलंय की ते फार जुनं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचं वय जेमतेम वीस वर्षं आहे. ही रेल्वे सुरू झाली तेव्हा पावसात तिचा धड फोटो काढणं जवळपास अशक्य होतं.

आधी रेल्वेबद्दल. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, पण कोकणी माणूस त्यानंतरही शंभर वर्षं भाऊच्या धक्क्यावरून बोटीनंच गावाला जात होता आणि पुढे एसटीनं. रोह्यापर्यंत रूळ आले ते १९८६ मध्ये. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस एकाच केंद्र सरकारात अर्थमंत्री आणि रेल्वेमंत्री होते, तेव्हा १९९० च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन यांच्याकडे काम आलं. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून जवळपास दोन हजार पूल. १९९८ मध्ये सगळा मार्ग जोडला गेला.

या तारखेला फोटोच्या दृष्टीनं मोठा अर्थ आहे. देशातल्या ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं १९९५ च्या सुमारास संपली. म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाडी आली तीच डिझेलची. खंडाळ्याच्या घाटाला धुराच्या लोटांचे, काळ्यापांढऱ्या फोटोंचे दिवस लाभले. आपल्याकडचा रेल्वेचा फोटो पहिल्यापासून रंगीत आहे. वर विजेच्या तारा नव्हत्या, रुळांकडेला खांब नव्हते. डोंगर, आकाश आणि गाडी यांच्या मध्ये काहीच यायचं नाही. अशी मोकळी चौकट आपल्याला २०२० च्या आसपासपर्यंत फुकट मिळत होती आणि तिची किंमत तेव्हा आम्हाला कळली नाही.

अडचण होती फिल्मची. रंगांसाठी जाणकार लोक स्लाइड फिल्म वापरत, तीही ५० किंवा १०० आयएसओची. आयएसओचा आकडा जितका लहान, तितका फिल्मला उजेड जास्त लागतो. ५० आयएसओच्या फिल्मवर भर उन्हात भिंगाचं तोंड एफ ५.६ एवढं उघडलं की शटरला सेकंदाचा चारशेवा भाग मिळायचा. तेवढ्यात गाडी स्वच्छ यायची. जुलैच्या मळभात उजेड तीन-चार स्टॉपनी उतरतो, म्हणजे तीन-चार वेळा निम्मा होतो, की तुम्ही थेट पन्नासाव्या किंवा पंचविसाव्या भागावर. ताशी ७५ किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात हातभर पुढे सरकते. फोटोत डोंगर ठीक, झाडं ठीक, आणि इंजिनाच्या जागी लाल-निळा फराटा. म्हणून त्या काळातले कोकण रेल्वेचे चांगले फोटो बहुतेक दसऱ्यानंतरचे आहेत. गवत पिवळं, आकाश निळं, सावल्या काळ्या.

हिवाळ्यातलं ऊनही सरळ नाही. आपल्याकडे सूर्य सह्याद्रीच्या आडून येतो, त्यामुळे डोंगराच्या पायथ्याला रुळांवर कोवळं ऊन पडतच नाही. पडतं तेव्हा ते बरंच वर आलेलं असतं. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेला झुकलेला. मडगावकडे निघालेल्या गाडीचं तोंड उजळतं, मुंबईकडे जाणारीचं काळं पडतं. म्हणून दुपारची मांडवी एक्सप्रेस गोव्याकडे जाताना टिपायची, तिची जोडगाडी येताना डब्यांच्या बाजूनं. आणि फेब्रुवारी सरला की भाजावळीचा, म्हणजे शेतं भाजण्याचा, धूर आणि समुद्रावरची दमट हवा मिळून असा पांढुरका पडदा धरतात की दोन डोंगरांपलीकडचं काही दिसत नाही.

त्या काळाची सगळ्यात मोठी खूण म्हणजे रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल. लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर. एका टोकाला पुलाचा तुकडा ओतायचा, तो पुढे ढकलायचा, मागे पुढचा तुकडा ओतायचा, अशा पद्धतीनं तो दरीवर सरकवत नेला. कित्येक वर्षं देशातला सगळ्यात उंच रेल्वेपूल म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं. खालून पाहिलं की खांब आभाळात घुसल्यासारखे, आणि वर गाडी काडेपेटीएवढी. रो-रो गाडी आली तर विचारूच नका. कोलाड ते वेर्णे ही सेवा २६ जानेवारी १९९९ ला सुरू झाली. सपाट वाघिणींवर चढवलेले ट्रक, ताडपत्र्या फडफडताहेत, केबिनमध्ये चालक निवांत बसलेत आणि ट्रक दरीवरून चाललेत. असं दृश्य घाटावरच्या फोटोवाल्यांकडे नव्हतं.

डिजिटल कॅमेरे साधारण २००५ नंतर आपल्या आवाक्यात आले आणि पावसाळा एकदम मोकळा झाला. १६०० आयएसओ लावायचा आणि तोच मळभाचा उजेड पुरायला लागला. उलट मळभच बरं, हे हळूहळू कळलं. ओल्या जांभ्याचा लाल रंग उन्हात विटका दिसतो, पावसात तो कुंकवासारखा गडद होतो. हिरव्यालाही सावली नसल्यानं खोली येते.

रत्नागिरीजवळ उक्षीला रानपाटचा धबधबा रुळांच्या जवळच कोसळतो. तिथे पहिल्यांदा उभा होतो तेव्हा एका हातात छत्री, कॅमेऱ्यावर दुधाची पिशवी उसवून चढवलेली, खिशात कोरडा पंचा. काच पुसली की पाच सेकंदांत परत धुरकट. सर इतकी मोठी की गाडीचा आवाज आलाच नाही. आधी पाण्याच्या तुषारांत एक पिवळा डाग दिसला, तो मोठा झाला, आणि मग एकदम इंजिन. चार फोटो काढले. तीन धुरकट. चौथा अजून भिंतीवर आहे.

याच काळात रुळांकडेचे डोंगरही बदलले, आणि त्यामागे दुःखाचं कारण आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षभरानं, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर डोंगराचे कडे मागे छाटले गेले, उताराला पायऱ्या पाडल्या, दगड अडवायला लोखंडी जाळ्या लावल्या, पावसाळी वेळापत्रक कडक झालं. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर चालक वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणतो. जुन्या आणि नव्या फोटोतली एकच जागा ओळखू येत नाही ती यामुळे. आणि एक गोष्ट दरवेळी सांगावी लागते: हे सगळे फोटो रस्त्यावरून, सड्यावरून किंवा फलाटावरून काढायचे असतात. रुळांवर किंवा बोगद्याच्या तोंडाशी उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि पावसात मागून येणारी गाडी खरोखरच ऐकू येत नाही.

मग तारा आल्या. विद्युतीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना झाली, खर्च १२८७ कोटी, आणि जून २०२२ मध्ये संपूर्ण मार्ग विजेवर आल्याचं जाहीर झालं. डिझेलचा खर्च वाचला, बोगद्यांतला धूर गेला, हे चांगलंच झालं. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यातला धूर बाहेर काढायला पंखे बसवावे लागले होते. पण गाडी निघून गेल्यावर बोगद्याच्या तोंडातून मिनिटभर निळसर धूर रेंगाळायचा, त्यात तिरपी उन्हं शिरली की हात लावावा असा उजेड दिसायचा. तो फोटो आता कुणालाच मिळणार नाही. ज्यांच्याकडे १९९८ ते २०२० मधल्या स्लाइड आहेत त्यांनी त्या लवकर स्कॅन करून घ्याव्यात. कोकणातल्या दमट हवेत बुरशी थांबत नाही. माझ्या पानवल पुलाच्या अकरा स्लाइडपैकी सहाच राहिल्यात, त्याही बल्ब लावलेल्या कपाटात ठेवल्या म्हणून.

उक्षीला आता धबधब्याच्या पुढ्यात तारा आडव्या येतात. सुरुवातीला मी त्या टाळायला जागा शोधत फिरलो, वर चढून पाहिलं, झाडाच्या फांदीआड लपवून पाहिलं. हल्ली टाळत नाही. भर पावसात इंजिनाच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ ओल्या तारेला घासतो तिथे कधीकधी निळी ठिणगी उडते, आणि काळोख्या मळभात क्षणभर डब्याचं ओलं छप्पर उजळतं. गेले दोन पावसाळे मी तेवढ्यासाठी जातोय. अजून मनासारखी मिळालेली नाही.