मच्छरदाणीतल्या लाटा आणि चिपमधला ताण

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि त्यातच वीज गेली, की कूलर कितीही मोठा असो, माणूस गादी घेऊन गच्चीवर जातो. असाच एका रात्री मच्छरदाणीत पडलो होतो. उशाशी जाळीचा पदर दुहेरी झालेला, आणि चांदण्यात त्यावर काळे-पांढरे पट्टे उमटलेले. जाळीची भोकं इवलीशी, पट्टे मात्र चांगले बोटभर रुंद. पदर जरा ओढला की ते सरसर धावायचे.

यामागचं गणित सोपं आहे. एका पदरात जेवढ्या जागेत शंभर धागे बसतात, तेवढ्याच जागेत थोड्या ताणलेल्या दुसऱ्या पदरात नव्व्याण्णव बसले, तर तेवढ्या जागेत धाग्यावर धागा नेमका एकदाच येतो. म्हणजे फरक एक टक्क्याचा, पण पट्टा धाग्यांमधल्या अंतराच्या सुमारे शंभर पट रुंद. या नक्षीला म्वारे म्हणतात. हे नावही मुळात एका लहरदार रेशमी कापडाचं.

आता मच्छरदाणीऐवजी सिलिकॉनचा स्फटिक घ्या. त्याच्या अणूंची जाळी दर 0.543 नॅनोमीटरला तीच तीच येते. जर्मेनियमची जाळी सुमारे 4 टक्के मोठी. ट्रान्झिस्टरच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन-जर्मेनियमचं मिश्रण बसवलं, की ते मधल्या सिलिकॉनच्या पट्टीला दाबतं. दाबलेल्या सिलिकॉनमधून धनभार अधिक चपळाईने धावतात. ऋणभारी इलेक्ट्रॉनांना मात्र ताणलेलं सिलिकॉन मानवतं. इंटेलने 2003च्या सुमारास 90 नॅनोमीटरच्या पिढीत ही युक्ती बाजारातल्या चिपमध्ये आणली. ट्रान्झिस्टर लहान न करता तो वेगवान करण्याचा हा मार्ग मला तरी फार देखणा वाटतो.

पण जाळी नेमकी किती दबली? एक टक्का म्हणजे 0.543 नॅनोमीटरमध्ये जेमतेम 5 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग), आणि तेही शंभर नॅनोमीटरहून अरुंद पट्टीत. एवढ्या बारीक जागेसाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. त्यातही अणूंच्या रांगा एकेक करून मोजत बसण्यापेक्षा मच्छरदाणीची युक्ती बरी. चिपच्या तळाशी असलेलं, ताण नसलेलं सिलिकॉन हा एक पदर; ट्रान्झिस्टरमधलं दबलेलं सिलिकॉन हा दुसरा. दोन्ही भागांतून वळून आलेले इलेक्ट्रॉनांचे झोत विद्युतभारित बारीक तारेच्या मदतीने एकमेकांवर आणले, की व्यतिकरणाचे, म्हणजे लाटांवर लाटा पडून होणारे, पट्टे उमटतात. अणूंचा एक थर पूर्ण एका थराएवढा सरकला, की पट्टाही एका पट्ट्याएवढा सरकतो. पट्टे कुठे किती वाकले ते पाहायचं आणि त्यावरून ताणाचा, म्हणजे जाळी कुठे किती दबली वा ताणली याचा, नकाशा काढायचा. मार्टिन हिच आणि त्यांच्या फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी ही पद्धत 2008 मध्ये मांडली. अशा व्यतिकरणाच्या पट्ट्यांत माहिती टिपून ती नंतर उलगडण्याला होलोग्राफी म्हणतात. गंमत म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी होलोग्राफीची कल्पना 1948 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुधारण्यासाठीच मांडली होती. लेझरची चित्रं नंतर आली.

खरी कटकट नमुना तयार करताना होते. इलेक्ट्रॉन आरपार जावेत म्हणून चिपचा काप साधारण 100 नॅनोमीटर जाडीचा करावा लागतो. तो गॅलियम धातूच्या आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, झोताने कोरून काढतात. पण आमच्याकडच्या जुन्या कोष्टी वस्तीत विचारा, मागावरचा ताणा कापला की काय होतं: घट्ट धागे लगेच सैल पडतात. चिपचंही तसंच. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या, की दबलेली जाळी त्या दिशेने थोडी पसरते आणि कापात मोजलेला ताण अखंड चिपमधल्या ताणापेक्षा वेगळा निघतो. म्हणून कापाचं आणि अखंड ट्रान्झिस्टरचं अशी दोन गणितं संगणकावर सोडवतात. कापाचं उत्तर पट्ट्यांशी जुळलं, तरच दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवतात.