८७ टक्के कॅन्सरवाला तो फॉरवर्ड

‘भारतातलं दूध भेसळीचं, २०२५पर्यंत ८७ टक्के लोकांना कॅन्सर होणार’, हा इशारा जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर वर्षानुवर्षं फिरतोय. संघटनेने तो कधी दिलेलाच नाही. तिच्या भारतातल्या कार्यालयानेच तसं एफएसएसएआयला, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला कळवलंय.

एफएसएसएआयच्या २०१८च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. म्हणजे सगळं आलबेल? छे. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेबाहेर होतं. बुरशी लागलेली पेंड जनावराने खाल्ली की हे विष दुधात उतरतं, आणि दूध कितीही उकळा, जात नाही. गंमत म्हणजे सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधातच ते जास्त आढळलं. फॉरवर्डमध्ये मात्र पेंडीचं नावही नसतं.